वाढीव मिळकतकर आकारणीवर हरकत आणि अपील : पुण्यातील एका सदनिकेच्या निमित्ताने

आपला प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात बारा वर्षे जुन्या इमारतीतील दोन शयनगृहांची सदनिका आपण पुनर्विक्रीत घेतली, महापालिकेच्या दप्तरी नाव लावण्यासाठी अर्ज केला आणि त्यानंतर करपात्र मूल्य वाढवल्याची विशेष नोटीस आपल्याला मिळाली. त्याच मजल्यावरील, त्याच आराखड्याच्या शेजारच्या सदनिकेचे करपात्र मूल्य मात्र आपल्या नव्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. कार्यालयात चौकशी केली तेव्हा ‘आधी भरा, मग बघू’ एवढेच उत्तर मिळाले. अपील करता येते का, निकालापर्यंत कर थांबवावा का आणि हे काम एजंटाकडे सोपवावे का, असे आपण विचारले आहे. नोटिशीतील क्षेत्रफळ ९३६ चौरस फूट, वापर निवासी, स्वतःच्या वापराची सवलत ‘नाही’ आणि करारनाम्यातील चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतील वापरण्याजोगी जागा, ७२० चौरस फूट, हा तपशील आपण सोबत दिलात ते फार बरे झाले, कारण उत्तराचा बराचसा भाग या चार नोंदींतच आहे.

गृहनिर्माण संस्थांची आणि सदनिकाधारकांची आकारणीची प्रकरणे मी पुण्यात बरीच वर्षे चालवत आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची तक्रार ‘कर फार वाढला’ अशी असते, आणि सुनावणीत हेच वाक्य बोलून ते रिकाम्या हाताने परततात. कराचे दर महापालिकेची सभा अंदाजपत्रकाच्या वेळी ठरवते. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात एक पैसाही कमी करता येत नाही. त्याच्या हातात आहे ते करपात्र मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर ते दर लावले जातात ती रक्कम. ही रक्कम क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, आकारणी लागू होण्याची तारीख आणि भोगवटादार, म्हणजे प्रत्यक्ष राहणारा, कोण, अशा नोंदींवरून निघते. यांपैकी एखादी नोंद चुकीची आहे असे कागदानिशी दाखवता आले, तर अधिकाऱ्याला ती दुरुस्त करावी लागते. तसे दाखवता आले नाही, तर बिल दुप्पट झाले तरी हरकत टिकत नाही.

पुढचे विवेचन पुण्याला आणि मुंबई वगळता राज्यातील इतर महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याच्या आधारे करतो. मुंबईचा कायदा वेगळा आहे आणि तेथे २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी होते. त्यामुळे तेथील वाद शीघ्रसिद्धगणकातील (रेडी रेकनरमधील) दर, इमारतीचे वय आणि वापराचा गुणक यांभोवती फिरतात. नगरपरिषदेच्या हद्दीत १९६५ चा अधिनियम आणि त्यातील स्वतंत्र अपील समिती आहे, तर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवरील अपील पंचायत समितीकडे जाते. हद्दीलगतची अनेक गावे २०१७ आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. आपली इमारत अशा गावात असेल तर ती कोणत्या तारखेपासून महापालिकेच्या आकारणीत आली हे आधी पाहावे, कारण ग्रामपंचायतीच्या काळातील नोंद तशीच उचलली गेल्याने झालेले घोटाळे कमी नाहीत.

आता आपल्या आकड्यांकडे येऊ. अधिनियमाच्या अनुसूची ‘ड’मधील कराधान नियमांप्रमाणे एखादे घर वर्षभरासाठी भाड्याने दिल्यास वाजवीपणे जे भाडे येईल, त्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी १० टक्के वजा करून करपात्र मूल्य काढले जाते. प्रत्यक्षात महापालिका भागनिहाय दर ठरवते आणि क्षेत्रफळाला त्या दराने गुणते. आपल्या भागाचा दर मला माहीत नाही, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी तो महिना चौरस फुटाला ३ रुपये धरतो. ९३६ चौरस फुटांचे वर्षाचे भाडे होते ३३,६९६ रुपये आणि १० टक्के वजा जाता करपात्र मूल्य ३०,३२६ रुपये. हीच आकडेमोड ७२० चौरस फुटांवर केली तर वर्षाचे भाडे २५,९२० आणि करपात्र मूल्य २३,३२८ रुपये येते. म्हणजे केवळ क्षेत्रफळाच्या नोंदीमुळे सुमारे सात हजारांचा फरक पडतो.

परंतु ९३६ हा आकडा आला कोठून? ७२० ला १.३ ने गुणून पाहा. बरोबर ९३६ येतात. बांधकाम व्यावसायिक चटई क्षेत्रावर जिना, लिफ्ट आणि सामायिक जागांचा भार टाकून विक्रीयोग्य क्षेत्रफळ काढतात, आणि त्या काळी तीस टक्के भार टाकण्याची रीत सर्रास होती. तेव्हा आपल्या घराची नव्याने मोजणी झालेली नसून, नाव लावताना जोडलेल्या एखाद्या जुन्या कागदावरील विक्रीयोग्य क्षेत्रफळ नोंदीत उतरले असावे, असा माझा कयास आहे. तो खरा असेल तर आपली बाजू भक्कम आहे. महापालिका चटई क्षेत्र धरते की भिंतींसह मोजलेले बांधीव क्षेत्र, यावर वाद घालता येईल. जे माप असेल ते साऱ्या इमारतीला सारखे लागले पाहिजे. मात्र विक्रीयोग्य क्षेत्रफळ हे विक्रीसाठी काढलेले माप आहे आणि आकारणीत त्याला स्थान नाही. आपल्या वाट्याला आलेला सामायिक जिना आपण भाड्याने देऊ शकत नाही, इतके साधे त्याचे कारण आहे.

तरीही एवढ्याने शेजाऱ्याशी असलेली तफावत भरून निघत नाही. २३,३२८ ही रक्कम ३०,३२६ च्या निम्मी नाही. उरलेला फरक ‘सवलत नाही’ या नोंदीत आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या निवासी घराचे वाजवी भाडे ठरवताना ४० टक्के सूट देण्याची पद्धत १९७० पासून आहे. लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर ती काढून घेण्यात आली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने ती पुन्हा सुरू झाली. ७२० चौरस फुटांच्या २५,९२० रुपयांतून ४० टक्के वजा केले तर १५,५५२ राहतात, आणि त्यातून १० टक्के गेल्यावर १३,९९७ रुपये. आपल्या शेजाऱ्याचा आकडा ‘निम्म्याहून कमी’ का आहे, याचा उलगडा येथे होतो.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. क्षेत्रफळ ९३६ च ठेवून केवळ सवलत मिळाली असती, तर करपात्र मूल्य ३०,३२६ वरून १८,१९६ वर आले असते, म्हणजे बारा हजारांहून अधिक कमी झाले असते. याचा अर्थ, ज्या वाढीविरुद्ध आपण न्यायालयात जाण्याचा विचार करत आहात तिच्यातील मोठा वाटा मुळात अपिलाचा विषयच नाही. त्यासाठी पीटी-३ या नमुन्यात अर्ज करायचा असतो. सोबत आपण स्वतः तेथे राहता याचे संस्थेचे पत्र, मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅस जोडणी किंवा शिधापत्रिका यांसारखा त्या पत्त्याचा पुरावा, आणि शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या बिलाची प्रत जोडायची. पूर्वीच्या मालकाने घर भाड्याने दिलेले असल्यामुळे किंवा मालकी बदलल्यामुळे सवलत निघून गेली असेल, तर नव्या मालकाला ती आपोआप मिळत नाही. ती मागावी लागते. हा अर्ज आणि क्षेत्रफळाची हरकत हे दोन कागद वेगवेगळे ठेवा. एकाच अर्जात दोन्ही मागण्या घातल्या की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो आणि कोणताच कारकून तो आपला मानत नाही.

हरकत लिहिण्याआधी आकारणी नोंदवहीतील आपल्या मिळकतीचा उतारा पाहून घ्या. मालकाला किंवा भोगवटादाराला स्वतःच्या मिळकतीपुरती ही नोंद विनामूल्य पाहण्याचा आणि उतरवून घेण्याचा अधिकार नियमांनीच दिलेला आहे. पुष्कळ जण त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करतात आणि तीस दिवस वाट पाहतात. तेवढ्यात हरकतीची मुदत निघून जाते. ही मुदत विशेष नोटिशीवरच छापलेली असते आणि ती नोटीस मिळाल्याच्या दिवसापासून चालू होते. म्हणून नोटीस कोणत्या तारखेला, कोणी आणि कोणाच्या हाती दिली हे तिच्यावरच लिहून ठेवावे. टपालाने आली असेल तर पाकीट जपून ठेवावे.

हरकतीचा अर्ज एका पानात मावला पाहिजे. मिळकत क्रमांक, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख लिहून झाल्यावर मी साधारणपणे असे वाक्य घालतो : ‘सदर सदनिकेचे चटई क्षेत्र नोंदणीकृत करारनाम्याप्रमाणे ७२० चौरस फूट असताना नोटिशीत ९३६ चौरस फूट दर्शविण्यात आले असून ते विक्रीयोग्य क्षेत्रफळ असल्याने करपात्र मूल्य चुकीचे ठरले आहे, तरी प्रत्यक्ष मोजणी करून करपात्र मूल्य कमी करावे व मला सुनावणीची संधी द्यावी.’ त्यानंतर आपल्या मते योग्य करपात्र मूल्य किती, ते आकडेमोडीसह लिहा. केवळ ‘कमी करावे’ असे लिहिणाऱ्यापेक्षा ‘इतके करावे’ असे लिहिणाऱ्याचा अर्ज अधिकाऱ्याला हाताळायला सोपा जातो, हे मी वारंवार पाहिले आहे. अर्जाला करारनाम्यातील क्षेत्रफळाचे पान, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

यानंतर महापालिकेच्या करविभागाचे पेठ निरीक्षक मोजणीसाठी घरी येतील. सारे प्रकरण बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात ठरते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. त्यांना प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी वेगळी लिहायला विनंती करा आणि भिंतीच्या आतल्या बाजूने घेतलेले माप की बाहेरच्या, याची नोंद कागदावर होऊ द्या. नुसत्या एकूण आकड्यावर सही करू नका, कारण नंतर त्या आकड्यात काय धरले आणि काय नाही हे कोणालाच सांगता येत नाही. बाल्कनी उघडी असेल तर तसे लिहून घ्या. आणि ते येण्यापूर्वी आपण स्वतः फीत घेऊन मंजूर नकाशाशी घर ताडून पाहा. पूर्वीच्या मालकाने बाल्कनी काचा लावून बंदिस्त केली असेल, गच्चीवर पत्रे टाकले असतील किंवा संस्थेच्या सामायिक जागेत कपाट वाढवले असेल, तर मोजणीत तेही उघड होते. विनापरवाना बांधकामावर अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे मिळकतकराच्या दुपटीपर्यंत शास्तीची, म्हणजे दंडाची, तरतूद आहे, आणि शास्ती भरली म्हणून ते बांधकाम नियमित होत नाही. क्षेत्रफळ कमी करून घ्यायला जावे आणि ही भानगड मागे लागावी असे होऊ नये. अशी काही वाढ दिसली तर हरकत देण्याआधी वास्तुविशारदाचा सल्ला घ्या.

शेजाऱ्याच्या बिलाबद्दलही सावध करतो. ‘त्याला कमी, मग मला जास्त का’ हा मुद्दा कायद्यात एकटा उभा राहत नाही, कारण त्याची आकारणीच चुकून कमी झालेली असू शकते आणि दुसऱ्याच्या चुकीचा लाभ मागता येत नाही. त्याच इमारतीत कोणते माप वापरले गेले याचा पुरावा म्हणून मात्र ते बिल उपयोगी आहे. फक्त ते जोडण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारा. आपल्या अर्जामुळे निरीक्षकाने त्याचीही फेरमोजणी काढली, तर वर्षानुवर्षांचा शेजार बिघडायला वेळ लागत नाही. माझ्या मते एका शेजाऱ्याचे नाव पुढे करण्यापेक्षा संस्थेच्या सचिवांकडून सर्व सदनिकांच्या क्षेत्रफळाचा तक्ता घेऊन तो जोडणे अधिक शोभते आणि अधिक परिणामकारकही ठरते.

सुनावणीला स्वतः जा, मूळ कागद सोबत ठेवा आणि मोजके बोला. रस्त्यातील खड्डे, पाण्याची टंचाई आणि कचऱ्याचे ढीग हे विषय तेथे काढू नयेत. ते कितीही खरे असले तरी करपात्र मूल्याशी त्यांचा संबंध नाही. निर्णय तोंडी सांगितला गेला तर लेखी प्रत मागा, कारण पुढच्या अपिलाची मुदत त्या निर्णयापासून मोजली जाते.

येथपर्यंतचा क्रम असा झाला : सवलतीसाठी पीटी-३, क्षेत्रफळासाठी मुदतीत लेखी हरकत, मग मोजणी, सुनावणी आणि लेखी निर्णय. आपल्यासारख्या प्रकरणात गोष्टी बहुतेक येथेच मिटतात. मिटल्या नाहीत तरच अपिलाचा विचार करावा.

अपिलाची तरतूद कलम ४०६ मध्ये आहे. पुण्यात ते लघुवाद न्यायालयात दाखल होते आणि इतर शहरांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. त्याच्या अटी कडक आहेत. आधी हरकत घेतलेली असली पाहिजे आणि तिचा निर्णय झालेला असला पाहिजे. हरकत न घेता थेट न्यायालयात गेल्यास अपील दारातूनच परत येते. निर्णयानंतर केवळ पंधरा दिवसांत ते दाखल करावे लागते, त्यामुळे लेखी प्रत हाती पडताच वकिलाकडे जावे. आणि वादग्रस्त कराची रक्कम महापालिकेकडे जमा केलेली असावी लागते. ही शेवटची अट लोकांना फार खुपते. अहमदाबादलाही तेव्हा हाच १९४९ चा कायदा लागू होता आणि अनंत मिल्सच्या प्रकरणात या अटीच्या वैधतेला आव्हान देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अट कायम ठेवली. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तेव्हा कायदा त्याला अट घालू शकतो, असा त्यामागचा विचार आहे. मला स्वतःला ही अट लहान घरमालकांसाठी जाचक वाटते, पण ती आहे हे धरूनच चालले पाहिजे. न्यायालयाच्या निर्णयावर पुढे जिल्हा न्यायालयात जाता येते, मात्र एका सदनिकेच्या कराच्या रकमेसाठी तेथवर जाणे खर्चाच्या हिशेबाने क्वचितच परवडते. संपूर्ण इमारतीचे क्षेत्रफळ चुकले असेल आणि संस्था खर्च उचलत असेल, तर गोष्ट वेगळी.

यातूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. कर थांबवू नका. थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. हरकत मान्य होऊन मूळ कर कमी झाला तरी मधल्या काळातील शास्ती माफ करून घेण्यासाठी स्वतंत्र खेटे घालावे लागतात. शिवाय थकबाकीदाराला जप्तीची नोटीस येऊ शकते. कार्यालयातील ‘आधी भरा’ हा सल्ला त्या अर्थाने चुकीचा नव्हता, फक्त अर्धवट होता. रक्कम भरताना ‘हरकत कायम ठेवून, निषेध नोंदवून भरणा करीत आहे’ असे एक पत्र द्या, त्यावर पोच घ्या आणि ते पावतीला जोडून ठेवा. करपात्र मूल्य कमी झाल्यावर जादा भरलेली रक्कम परत मागता येते किंवा पुढच्या बिलात वळती करून घेता येते; रोख परताव्यापेक्षा वळती लवकर होते, असा माझा अनुभव आहे.

एजंटाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पीटी-३ आणि साधी हरकत यांसाठी त्याची काहीही गरज नाही. ‘आत ओळख आहे, निम्मे करून देतो’ असे सांगणारा बहुधा ४० टक्के सवलतीचाच अर्ज भरतो, जी सवलत आपल्या हक्काची असते, आणि तिच्यातून पहिल्या वर्षाच्या बचतीचा वाटा मागतो. पैसे खर्चच करायचे असतील तर वास्तुविशारदाच्या मोजणी दाखल्यावर करा. तो हरकतीतही चालतो आणि पुढे अपिलातही. अपिलाची वेळ आली तर मात्र वकील हवाच.

आपल्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे नोटीस मिळाल्याची तारीख. मुदत अजून शिल्लक असेल तर वर सांगितल्याप्रमाणे याच आठवड्यात हरकत द्या. ती उलटून गेली असेल तर विलंबाचे कारण लिहून हरकत द्याच, पण तिच्यावर विसंबून राहू नका. कराधान नियमांतील नियम २० प्रमाणे संबंधित व्यक्तीच्या निवेदनावरून चालू वर्षाच्या आकारणी नोंदवहीत दुरुस्ती करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि तो वर्षभरात केव्हाही वापरता येतो. त्या नियमाचा उल्लेख करून क्षेत्रफळाच्या दुरुस्तीचे वेगळे निवेदन विभागाच्या सहायक आयुक्तांच्या नावे द्या. मात्र ही दुरुस्ती चालू आर्थिक वर्षापुरतीच मागे जाते, त्यामुळे ३१ मार्चच्या आत निवेदनावर आवक शिक्का पडला आणि निर्णयही झाला, तर या वर्षाची रक्कम वाचेल; नाहीतर पुढच्या वर्षाच्या नोंदीसाठी तेच कागद घेऊन पुन्हा अर्ज करावा लागेल.